कोचिंग सोडून बाकीची कामं

अनेक आशीर्वाद.

मैदान आखणं, डबे बघणं, परीक्षेचे फॉर्म भरून घेणं यातच दिवस जातो, मग कोचिंग कधी करू, असं तू विचारतोस. तुला एडी रॉबिन्सन ठाऊक हवेत.

अमेरिकेतल्या लुईझियानाचे. वडील दुसऱ्याचं शेत वाट्याने करायचे. पदवी घेऊनही रॉबिन्सन पशुखाद्याच्या गिरणीत तासाला 25 सेंटवर राबत होते. 1941 साली, बाविसाव्या वर्षी, ग्रॅम्बलिंगच्या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजात फुटबॉल कोच झाले (फुटबॉल म्हणजे त्यांचा, अमेरिकन). पगार महिना 63.96 डॉलर. मैदान तेच आखायचे, पोरांचे घोटे तेच बांधायचे, सामन्याची बातमी लिहून पेपरला तेच पाठवायचे. परगावी जाताना सँडविच बांधून न्यायचे, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांच्या मुलांना बसू देत नसत. एकदा कापूस वेचायला दोन खेळाडूंना बापाने घरीच ठेवून घेतलं, तर हे अख्खी टीम घेऊन शेतात उतरले. वेचणी उरकली, पोरं खेळायला मोकळी झाली.

पहिल्या मोसमात तीन जिंकले, पाच हरले. 1942 मध्ये मात्र नऊच्या नऊ जिंकले, तेही समोरच्याला एक गुण न देता!

त्याच कॉलेजात ते 1997 पर्यंत राहिले. एकूण 408 विजय. दोनशेवर मुलं व्यावसायिक संघांत गेली. क्वार्टरबॅक म्हणजे संघाची चाल चालवणारा. ते डोकं काळ्या माणसाकडे नसतं, असं गोऱ्यांच्या फुटबॉलमध्ये सर्रास मानलं जाई. रॉबिन्सननी त्या जागेसाठी मुलं हट्टाने घडवली. त्यांचाच डग विल्यम्स 1988 च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळत सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला. त्या जागेवरून तो जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय.

शेवटचे तीनही मोसम हरण्यात गेले, लोक त्यांना निवृत्त व्हा म्हणू लागले, हेही तुला माहीत असू दे. त्याने माझ्या मनातला त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची सकाळ. गुरांच्या गळ्यातली घंटा घेऊन ते वसतिगृहात खोलीखोलीपुढून वाजवत जायचे. सरावासाठी नव्हे, तासाला वेळेवर पोचावं म्हणून. तुझ्या संघातली किती पोरं सध्या तासाला बसतात, हे वर्गशिक्षकांकडे स्वतः जाऊन विचार आणि मला कळव. संघनिवडीबद्दल त्यानंतर बोलू.

तुझा,
सर