वाचकांचे प्रश्न : बहुवर्षायू फुलझाडांचे बी केव्हा आणि कसे पेरावे?

प्रश्न : मी डेल्फिनियम, कोलंबाईन, ल्युपिन आणि गेलार्डिया या चार बहुवर्षायू फुलझाडांचे बी एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये, सुमारे १ सेंटीमीटर खोल पेरले. गेलार्डियाची थोडी रोपे १२ दिवसांत दिसली. बाकीच्या तिन्ही बियाण्यांचे महिनाभरात काहीच झाले नाही, म्हणून ट्रे रिकामा केला. बी खराब होते की वेळ चुकली?

उत्तर : बी खराब होते असे आपल्या वर्णनावरून तरी वाटत नाही. चार निरनिराळ्या स्वभावांचे बियाणे आपण एकाच पद्धतीने पेरले आणि त्यातले जे सर्वांत सोशिक होते तेवढेच उगवले. हंगामी फुलझाडाला एका वर्षात उगवून, फुलून, बी धरून मोकळे व्हायचे असते, त्यामुळे त्याचे बी ओल आणि ऊब मिळताच बहुधा उगवते. बहुवर्षायू झाडाला तशी घाई नसते. शिवाय थंड प्रदेशातल्या जातींचे बी हिवाळ्याच्या तोंडावर उगवले तर कोवळे रोप गारठ्यात मरेल, म्हणून ओलसर थंडीचे काही आठवडे सोसल्याशिवाय अशा बियांची सुप्तावस्था सुटत नाही.

कोलंबाईन याच वर्गातले. त्याचे बारीक, काळे, चकचकीत बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत भरावे आणि ३ ते ४ आठवडे फ्रिजमध्ये ४ ते ५ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे. वाळूची ओल अशी असावी की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांच्या फटींतून पाणी निथळू नये. बियाण्याचे कोरडे पाकीट तसेच फ्रिजमध्ये ठेवून हे काम होत नाही, आणि अनेकांची गफलत नेमकी इथेच होते. कोरडे बी थंडीत टिकते खरे, परंतु पाणी शोषून फुगलेल्या बीलाच थंडीची जाणीव होते. त्यानंतर हे बी मातीच्या पृष्ठभागावर पसरून हलकेच दाबावे, वर माती घालू नये, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. एवढे करूनही रोपे दिसायला आणखी ३ ते ४ आठवडे लागू शकतात. मीही एकदा कोलंबाईनचा असाच एक ट्रे कंटाळून कुंपणापाशी उपडा केला होता, आणि पुढल्या वसंतात त्या ढिगाऱ्यावर तीन-तीन दलांच्या पानांची कोलंबाईनची रोपे दाटीने उभी असलेली पाहिली. तेव्हापासून मी वर्षभर तरी ट्रे रिकामा करीत नाही.

डेल्फिनियमचे नेमके उलटे आहे. त्याला अंधार आवडतो, म्हणून वर मातीचा पातळ थर हवा. आणि त्याला गारवा लागतो, म्हणून १२ ते १५ अंशांच्या आसपास ते चांगले उगवते आणि उष्म्यात हटून बसते. घरातल्या तापमानात ठेवलेले हे बी लवकर निर्जीव होते, तेव्हा ते ताजे घ्यावे आणि पेरणीपर्यंत हवाबंद डबीत, फ्रिजमध्ये ठेवावे. डेल्फिनियम आणि ल्युपिन या दोहोंचे बी विषारी असल्याने डबीवर ठळक नाव लिहावे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

ल्युपिनची अडचण त्याच्या कठीण सालीत आहे. बी रात्रभर पाण्यात घालून सकाळी पाहिले, तर काही दाणे जवळजवळ दुप्पट फुगलेले दिसतात, तर काही खड्यासारखे टणक आणि तुकतुकीत राहिलेले असतात. हे टणक दाणे वेगळे काढून, शेंगेला चिकटलेला डोळा सोडून दुसऱ्या बाजूने पॉलिश पेपरवर आतला फिका भाग जेमतेम दिसेपर्यंत घासावेत आणि पुन्हा भिजवावेत. फुगलेले बी मात्र त्याच दिवशी पेरावे. आपली १ सेंटीमीटर खोली योग्य होती ती एकट्या ल्युपिनसाठी. गेलार्डियाचे बी नुसते दाबून बसवले असते तर रोपे अधिक मिळाली असती.

आता वेळेविषयी. जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे शेवटच्या हिमतुषाराच्या ८ ते १० आठवडे आधी घरात पेरणी करता येते, किंवा उन्हाळ्याच्या पूर्वार्धात पेरून हिवाळ्यापूर्वी रोपे जमिनीत रुजवता येतात. थंडी हवी असलेले बी शरद ऋतूच्या अखेरीस थेट वाफ्यातच टाकले तर फ्रिजचे काम हिवाळाच करतो. माझा कल या पद्धतीकडे आहे. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे उकाडा ओसरू लागताच पेरावे, म्हणजे रोपांना वाढीसाठी सगळे थंड महिने मिळतात. अशा हवेत डेल्फिनियम आणि ल्युपिन उन्हाळा सहसा काढत नाहीत. गेलार्डिया आणि कोरिऑप्सिस हे दुसरे बहुवर्षायू फुलझाड यांच्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : उगवलेली रोपे मातीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवी पडतात. पाणी कमी पडते का?

उत्तर : उलट, जास्त होते. हा बुरशीमुळे होणारा रोपमर रोग असून दाट पेरणी, कोंदट हवा आणि सतत ओली माती त्याला पोसतात. पडलेल्या रोपांना औषध लागू पडत नाही, म्हणून ती भोवतालच्या मातीसकट काढावीत. नवे, स्वच्छ मातीचे मिश्रण वापरून विरळ पेरावे, ट्रे पाण्याच्या थाळीत ठेवून खालून ओल चढू द्यावी, पृष्ठभाग ओलावला की बाहेर काढावा, आणि उगवण सुरू होताच वरचे झाकण काढून टाकावे. बीदलांनंतर येणाऱ्या खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर दुसरीकडे लावण्यासाठी रोप पान धरून उचलावे, कारण चिमटीत खोड चेपले तर रोप सहसा वाचत नाही.

प्रश्न : घरच्या झाडाचे बी पेरले तर तशीच फुले येतील का, आणि कधी?

उत्तर : मूळ जातीचे झाड एकटे असेल तर बहुधा तशीच येतील. संकरित वाणाची रोपे मात्र रंगाला आणि उंचीला बदलतात, आणि कोलंबाईनच्या दोन जाती शेजारी असल्या तर त्यांचा संकर हमखास होतो. हुबेहूब तेच झाड हवे असेल तर गड्डा विभागून लावावा. बीपासून केलेली बहुतेक बहुवर्षायू झाडे पहिले वर्ष मुळे आणि पाने वाढवण्यात घालवून दुसऱ्या वर्षी फुलतात. गेलार्डिया लवकर पेरल्यास त्याच वर्षी फुलू शकते. पिओनीचे बी तर पहिल्या उबेत फक्त मूळ सोडते आणि त्यावरून एक हिवाळा गेल्यावरच कोंब वर काढते, तेव्हा त्या कुंडीवर पेरणीची तारीख अवश्य लिहून ठेवावी.