ओशोंची लीडरशिप स्टाईल नेमकी कशी होती? डॉक्टर, प्रोफेसर असली शिकलेली माणसं त्यांच्यामागे कशी काय गेली?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो कारण तो सोपा आहे. शिकलेली माणसं चुकून नाही गेली, त्यांच्यासाठीच तर ते बोलायचे. जबलपूरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, १९६६ मध्ये नोकरी सोडली आणि मग गावोगाव फिरून भाषणं, त्यात गांधी, समाजवाद, पंडित, पुरोहित, कोणालाही सोडलं नाही. म्हणजे वादविवादात घडलेला माणूस. तुमच्या मनात शंका यायच्या आत तेच ती बोलून दाखवणार, वर हसून सांगणार की माझंही ऐकू नका, स्वतः बघा. आता ज्याला पक्की खात्री असते ना की मी काय कोणाचा आंधळा भक्त होणाऱ्यातला नाही, त्याला असा गुरू भेटला की तो पहिल्या आठवड्यात गार!

आमच्या घरी बाबांकडे त्यांच्या हिंदी प्रवचनांच्या कॅसेटी होत्या, लहानपणी रविवारी सकाळी त्याच चालू असायच्या. बोलण्याची गती इतकी संथ की एक वाक्य संपून दुसरं येईपर्यंत टेप अडकली की काय वाटायचं. मग मधेच मुल्ला नसरुद्दीनचा एखादा चावट जोक, सगळे हसून मोकळे झाले की लगेच त्याच आवाजात उपनिषद. आज एक बोलायचे, महिन्याभराने बरोब्बर उलटं, आणि विचारलं तर म्हणायचे विसंगती हाच जिवंतपणा. आता अशा माणसाला पकडणार कुठे?

पण लीडरशिप म्हणाल तर ती प्रवचनात नव्हती. १९७४ मध्ये मुंबईहून पुण्याच्या कोरेगाव पार्कात आले आणि तिथे खरी घडी बसली. संध्याकाळी दर्शन असायचं. नवा माणूस समोर बसणार, ते त्याच्या गळ्यात १०८ मण्यांची माळ घालणार, माळेतल्या लॉकेटमध्ये त्यांचाच फोटो, कपाळावर अंगठा टेकवणार, कागदावर नवं नाव लिहून देणार आणि त्या नावाचा अर्थ फक्त त्याच्यासाठी समजावून सांगणार. काही मिनिटांचा कार्यक्रम, पण जर्मनीहून किंवा अमेरिकेहून आलेला माणूस त्या काही मिनिटांवर आयुष्य काढायचा. प्रवचनाला आत जाताना दारावर केसांचा वास घेऊन बघायचे, कारण त्यांना अत्तर आणि शाम्पूच्या वासाची अ‍ॅलर्जी होती. कारण खरं असेलही, पण परिणाम बघा, रोज सकाळी हजारो माणसं अंघोळ करतानासुद्धा त्यांचा विचार करणार.

आणि माझ्या मते सगळ्यात जबरदस्त चाल म्हणजे त्यांचं मौन. एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी जाहीर बोलणं बंद केलं ते थेट ऑक्टोबर १९८४ पर्यंत. याच काळात अमेरिकेत ओरेगॉनला ६४ हजार एकरांचं रँच घेतलं, रजनीशपुरम नावाचं शहर उभं केलं (तेव्हा ते भगवान रजनीश म्हणूनच ओळखले जायचे), शेजारच्या अँटेलोप नावाच्या इवल्याशा गावाच्या कौन्सिलवर निवडणूक जिंकून कब्जा केला, आणि एवढं सगळं चालू असताना नेता गप्प! दुपारी रोल्स रॉइसमधून एक फेरी मारायचे, भक्त रस्त्याच्या दुतर्फा हात जोडून उभे, गाडी मुंगीच्या पावलाने जाणार, बस्स. शेवटी अशा ९३ गाड्या झाल्या होत्या. इकडे लोक दिवसभर बांधकाम, शेती, भांडी करायचे, पगार नाही, कारण कामाला नावच 'वर्शिप', म्हणजे पूजा, होतं. आपला विनोद खन्नासुद्धा भरात असलेलं करिअर सोडून तिथे बागकाम करत होता.

मग ऑर्डर कोण द्यायचं? शीला. त्यांची सेक्रेटरी, फाउंडेशनची अध्यक्ष. ती रोज त्यांना भेटणार आणि बाहेर येऊन सांगणार की भगवानांना असं असं हवंय. जुन्या वाड्यात कसं, आजोबा माडीवर आणि खाली सगळा कारभार 'आजोबांना चालणार नाही' या एका वाक्यावर, तसंच. उलट विचारायला वर जाणार कोण? आणि शीलाची खुर्ची तरी पक्की कुठे होती, तिच्याआधी लक्ष्मी होती, पुण्याचा सगळा आश्रम तिने उभा केला आणि अमेरिकेच्या वेळी बघता बघता बाजूला पडली. जवळच्या माणसाला माहीत असतं की आपण आहोत ते त्यांच्या मर्जीवर, मग तो दोन पावलं जास्तच पुढे जातो.

शीला किती पुढे गेली ते जगाला माहीत आहे. १९८४ मध्ये ओरेगॉनमधल्याच द डॅलेस गावातल्या १० हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू मिसळला, ७५१ माणसं आजारी पडली. हेतू काय तर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणुकीत स्थानिक मतदार घरीच पडून राहावेत. शिवाय कम्यूनमध्ये, म्हणजे त्यांच्याच रजनीशपुरमच्या वस्तीत, चोरून फोन टॅपिंग, विषप्रयोग. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आणि तिचे लोक युरोपला पळाले, आणि दोनच दिवसांत ओशोंनी पत्रकारांना बोलावून सांगितलं की हे सगळं या टोळीने केलं, मला पत्ता नव्हता, पोलिसांनी या आणि तपास करा.

ओशोप्रेमी इथे मला धरणार म्हणून स्पष्ट लिहितो, विषप्रयोगाच्या प्रकरणात त्यांच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही. इमिग्रेशनच्या दोन कलमांवर त्यांनी तडजोड केली, ४ लाख डॉलर दंड भरला आणि देश सोडला. शीलाला २० वर्षांची शिक्षा झाली, साधारण २९ महिने भोगून सुटली. त्यांना खरंच माहीत होतं का यावर लोक अजून भांडतात, आणि खरं सांगू का, मला तो वादच तितका महत्त्वाचा वाटत नाही. माहीत नसलं तरी चालेल अशी सोय त्या रचनेतच होती. श्रेय वर जाणार आणि भानगड झाली तर ती सेक्रेटरीपाशी थांबणार. भक्तांचं म्हणाल तर शीला गेल्यावर त्यातले बरेच जण म्हणाले की हासुद्धा भगवानांनी आपल्याला दिलेला धडा, सत्तेपुढे किती झुकता ते दाखवायला. घ्या आता!

प्रवचनं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, हिंदीतली कबीरावरची मी अजूनही ऐकतो. पण १९८७ मध्ये पुण्यात परत आल्यावरही पद्धत तीच, शेवटी १९८९ मध्ये २१ जणांचं इनर सर्कल नेमलं, वारस म्हणून कोणा एकाचं नाव नाही, आणि जानेवारी १९९० मध्ये गेले. त्यानंतर कोरेगाव पार्कातली जागा, पुस्तकांचे हक्क, समाधीवर माळ घालून जायचं की नाही, यावरून त्यांच्याच लोकांचे दोन तट पडलेत आणि धर्मादाय आयुक्तांपासून हायकोर्टापर्यंत भांडतायत. दोन्ही बाजू म्हणतात, ओशोंना हेच हवं होतं.