माहितीपट मालिकेचं टायटल आणि ॲनिमेटेड ग्राफिक्स करायला कोणतं सॉफ्टवेअर शिकावं? मराठीसाठी तयार टेम्पलेट वापरले तर चालतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही चालत. माहितीपटाला तर अजिबात नाही.

मी नागपूरची, मोशन ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरची हलती अक्षरं-चित्रं, हेच माझं पोटापाण्याचं काम. काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या नॅरोगेज रेल्वेवरच्या एका मालिकेचं टायटल माझ्याकडे आलं. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली होती, इतवारी–नागभीडची २०१९ मध्ये. मालिकेच्या नावात 'विदर्भ' हा शब्द होता. निर्मात्यांच्या एडिटरने त्याला आधीच एक टाइपरायटर टेम्पलेट लावून ठेवलं होतं, एकेक अक्षर टकटक उमटवणारं.

इंग्रजीत ते बरं दिसतं. मराठीत काय झालं ते फ्रेम थांबवून पाहा. आधी 'व' आला. मग वेलांटी आली आणि तिला डावीकडे जागा हवी म्हणून 'व' उजवीकडे सरकला. मग 'द'. मग अख्खा 'र', म्हणजे पडद्यावर चक्क 'विदर'. मग त्या 'र'चा पाय मोडला, आणि 'भ' आल्याबरोबर तोच 'र' उडी मारून रफार होऊन त्याच्या डोक्यावर बसला. संगणक अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतो आणि टेम्पलेट ती त्याच क्रमाने दाखवतं. आपला हात तसा लिहीत नाही.

मी हे दाखवलं तर उत्तर आलं, "दीड सेकंदाचा खेळ आहे, एवढं कोण पाहतं?" अहो, सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने दीड सेकंद म्हणजे सदतीस-अडतीस चित्रं. ती सगळी प्रेक्षकासमोर जातात. ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याला ती खटकतात, भले त्याला नेमकं काय खटकलं ते सांगता न येवो.

मग मी नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन अक्षरं पाहिली आणि इतवारीतल्या एका जुन्या पेंटर काकांना गाठलं. त्यांच्याकडून फळीवर मालिकेचं नाव रंगवून घेतलं, वर कॅमेरा लावून. त्यांनी खडूच्या भुकटीत घोळवलेली सुतळी ताणून टिचकी मारली, वर एक आणि खाली एक अशा दोन पुसट रेषा उमटल्या. मग चपटा ब्रश. आधी अक्षरांची अंगं, गोल आणि दांडे. मग वेलांटीचा बाक, मग रफार. आणि सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात शिरोरेघ. मी विचारलं, काका, रेघ आधी का नाही? म्हणाले, "आधी ओढली तर अक्षर तिले लटकते, ताई. अक्षर आपल्या पायावर उभं पाह्यजे." शाळेत आपणही असंच शिकलो, शब्द पुरा करायचा आणि मग वरून रेघ मारायची.

माझं टायटल त्याच क्रमाने केलं. रंगवलेली अक्षरं स्कॅन करून इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेक्टर केली, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांची बनवली, प्रत्येक फटकारा सुटा केला. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फटकाऱ्याच्या मधोमध पाथ, म्हणजे एक रेघ, काढून तिला हळूहळू पुढे वाढवणारा ट्रिम पाथ्स लावला आणि ती जाड रेघ मॅट म्हणून वापरली, म्हणजे ती पोचेल तेवढंच अक्षर दिसतं. दोन फटकारे जिथे एकमेकांवरून जातात तिथे मॅट शेजारचा तुकडा आधीच उघडा पाडतो, म्हणून 'भ'ची गाठ आणि दांडा वेगळ्या लेयरवर हवेत. वेग सारखा ठेवायचा नाही. ब्रश दांड्याच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि शिरोरेघेला सगळ्यात जोरात पळतो, ते काकांच्या व्हिडिओवरून फ्रेम मोजून घेतलं.

दिग्दर्शकाला ते आवडलं. निर्मात्यांना नाही. त्यांना रूळ धावत यायला हवे होते, त्यांची शिरोरेघ व्हायला हवी होती आणि तिला खाली अक्षरं लटकायला हवी होती. आजही माझं म्हणणं तेच आहे. रूळ दोन असतात. नॅरोगेजची सगळी गोष्टच त्या दोन रुळांमधल्या अंतराची आहे, ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजच्या १६७६च्या निम्म्याहूनही कमी. ते अंतर पुसून एकच रेघ काढायची आणि तिला रेल्वे म्हणायचं, हे त्या विषयावर अन्याय करणारं होतं. प्रसारणात त्यांचंच टायटल गेलं. खाली नाव मात्र माझं.

आता सॉफ्टवेअर. आफ्टर इफेक्ट्स शिका, काम त्यातच मिळतं. पैसे नसतील तर ब्लेंडर आणि डाविंची रिझॉल्व्हमधलं फ्यूजन फुकट आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन आहे का ते पाहा. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नका, शिरोरेघ तुटते. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत का ते पाहा. तिरो देवनागरी मराठीमध्ये आहेत आणि तो मोफत आहे. नकाशा ॲनिमेट करणार असाल तर देशाची सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळवून घ्या, इंटरनेटवरून उचललेली चालवू नका. आणि जुन्या फोटोतली माणसं कापून मागची पार्श्वभूमी हलवायचा जो प्रकार चालतो तो माहितीपटात करू नका. माणसामागे जे दिसत नव्हतं ते तुम्ही रंगवून भरता, आणि प्रेक्षक त्याला पुरावा समजतो.

एक सांगायचं राहिलं. एवढी हातमेहनत फक्त मुख्य टायटलला. मुलाखतीतल्या माणसाचं नाव-हुद्दा दाखवताना अक्षरांशी काही खेळू नका, पूर्ण पट्टी साधी फेड करा, म्हणजे हळूच उमटवा आणि हळूच विरवा, आणि दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ ठेवा. आणि टेम्पलेटमध्ये शब्दच्या शब्द एकदम येत असेल तर ते वापरायला माझी हरकत नाही. घाईच्या बातमीपत्राला तर मी स्वतः वापरते.

पैसे किती घ्यावेत ते तुमच्या गावावर आणि ओळखीवर आहे. पण निम्मे आधी घ्या, किती वेळा बदल करून द्याल ते लिहून घ्या, आणि त्याच कागदावर हेही घाला की तुमचं टायटल बदललं तर तुम्हाला न विचारता तुमचं नाव खाली राहणार नाही.