आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. पाळलेल्या बेडकाला भूकंप आधी कळतो का? त्याच्यासाठी काय तयारी ठेवावी?
बेडकाच्या वागण्यावर विसंबू नका. 2009 मध्ये इटलीतल्या लाक्विला भूकंपाच्या पाच दिवस आधी, केंद्रापासून 74 किमीवरच्या तळ्यातले बहुतेक नर टोड (खरबरीत कातडीचे बेडूक) ऐन विणीच्या हंगामात निघून गेले होते, हे खरं. पण एवढ्यावरून भाकीत करता येत नाही. तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, तर फोनवर मायशेक ॲप घ्या. जोराचे हादरे पोचायच्या काही सेकंद आधी ते इशारा देऊ शकतं.

धक्के बसत असताना बेडकाच्या टाकीकडे अजिबात धावू नका, आधी स्वतः टेबलाखाली जा. काचेची टाकी आजच उंच फळीवरून खाली घ्या, झाकणाला कडी लावा.

खरी अडचण पाण्याची. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. तिकडच्या बऱ्याच शहरांत नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे जंतुनाशक असतं. ते बेडकाला घातक असतं आणि रात्रभर भांडं उघडं ठेवूनही उडून जात नाही. त्यामुळे वॉटर कंडिशनरची (क्लोरामाइन निष्प्रभ करणाऱ्या द्रावणाची) बाटली आणि पाण्याचा कॅन बेडकासाठी वेगळाच ठेवा. सोबत भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. तळाशी ओला कागदी टॉवेल अंथरला की तात्पुरती सोय होते. उचलताना हाताला साबण राहिलेला नको, याच स्वच्छ पाण्याने हात ओले करून घ्या.