वाचकांचे प्रश्न : फील्डवर्क मुलीला झेपेल का?

प्रश्न : माझी मुलगी भूशास्त्रात एम.एस्सी. करत असून तिला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचे आहे. आडरानात राहण्याचे हे काम मुलींचे नव्हे, तिने प्राध्यापकी पाहावी, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. आम्ही काय करावे? – एक पालक, नाशिक

उत्तर : झेपण्याविषयीच्या शंकेचे उत्तर चार दशकांपूर्वीच मिळाले आहे. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या दोघी होत्या. त्या खंडावर पोहोचलेल्या याच पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. नागपुरात जन्मलेल्या पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. सेनगुप्ता या भूशास्त्रज्ञ. आपल्या मुलीला जेथे जायचे आहे त्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्यांनीही काही वर्षे नोकरी केली होती. अंटार्क्टिकातील शिर्माकर टेकड्यांच्या खडकांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९९१ मध्ये त्यांना विज्ञानातील मानाचा भटनागर पुरस्कार मिळाला.

तेव्हा घरात मुलीच्या कुवतीची चर्चा करण्यापेक्षा तिच्या विभागाकडे अभ्यासदौऱ्यांतील व्यवस्थेची चौकशी करावी. मुक्काम कोठे असतो, सोबत आणखी कोणी विद्यार्थिनी किंवा शिक्षिका असतात का, गाडी दिवसभर जवळ थांबते की सोडून परत जाते, हे प्रश्न आधी विचारावेत. आणखी एक गोष्ट सूचनापत्रकात सहसा नसते, ती मी येथे स्पष्टच लिहितो. आपल्या दख्खनच्या पठारावर उघड्या बेसाल्टच्या माळावर हातोडी, खडकांच्या थरांचा कल मोजणारा क्लायनोमीटर आणि नोंदवही घेऊन उन्हात फिरताना लघवीला जाण्यासाठी कोठेही आडोसा नसतो, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हाचा त्रास किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. दुपारच्या आत एकदा गाडी जवळच्या गावाकडे वळवायची, एवढे वेळापत्रकात लिहून घेतले तरी हा प्रश्न बराचसा सुटतो. त्यासाठी शिक्षकांकडे शब्द टाकायला संकोच वाटू नये.

सुरक्षिततेबाबत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार कामानिमित्त जेथे जावे लागते ती जागा आणि मालकाने पुरवलेले वाहन हेही कामाचे ठिकाणच मानले जाते, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत अभ्यासदौऱ्याची ठिकाणेही येतात. म्हणजे मुक्कामावर काही घडले, तर ‘ते कॅम्पसबाहेर झाले’ असे सांगून संस्थेला हात झटकता येत नाहीत. संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन नंबर दौऱ्यावर निघण्यापूर्वीच मुलीच्या वहीत असावेत.

सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकांची भरती संघ लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून होते. खाणींचीही दारे आता पूर्वीसारखी बंद नाहीत. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाला मनाई होती. २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांसाठी, लेखी संमती घेऊन, दिवसा त्यांना खाली उतरण्याची परवानगी दिली. प्राध्यापकीबद्दल म्हणाल, तर तीही वाईट नाही, परंतु तिची निवड मुलीने करावी.

प्रश्न : वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाल्यावर मुलांच्या संगोपनासाठी सहा वर्षे घरी होते. आता पुन्हा संशोधन सुरू करता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : येईल. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा ‘वाइज-किरण’ हा कार्यक्रम अशा खंड पडलेल्या महिलांसाठीही आहे. वयाची अट आणि मुदत विभागाच्या चालू जाहिरातीत पाहावी. प्रस्ताव लिहिताना मात्र लांबचे जंगल निवडण्याचा मोह टाळावा. आपल्या जिल्ह्यातच कासचे पठार आहे आणि पलीकडे रत्नागिरीकडचे सडे, म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पठारे, आहेत. सीतेची आसवं, गेंद यांसारख्या वनस्पतींचा तेथील हंगाम पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंतच असल्याने फील्डवर्क ठरावीक महिन्यांत उरकते आणि उरलेला काळ नमुन्यांच्या ओळखीसाठी व लेखनासाठी मिळतो. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याची ही सोय लहान मुलांच्या आईसाठी मोलाची आहे, आणि त्याने संशोधनाचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. खर्चाच्या तपशिलात गाडीभाडे आणि स्थानिक मदतनीसाचे मानधन ही कलमे विसरू नयेत. अभ्यासाची जागा अभयारण्यात येत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीसाठी पाऊस सुरू होण्याच्या कितीतरी आधी अर्ज करावा. नाही तर कागद हाती येईपर्यंत फुले सुकलेली असतात.