अपेक्षित पगार विचारला, तर काय सांगावे?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील असून, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर गेली अडीच वर्षे जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका पाइप कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. हातात १६,५०० रुपये येतात. मागील महिन्यात पुण्यातील एका कंपनीच्या मुलाखतीत अपेक्षित पगार विचारला, तेव्हा मी ‘आपण योग्य ते ठरवाल’ असे म्हणाले. त्यांनी देऊ केलेल्या पगारात खोलीचे भाडे आणि मेस भागवून घरी पाठवायला काहीच उरले नसते, म्हणून नकार द्यावा लागला. पुढील आठवड्यात पुण्यातच दुसरी मुलाखत आहे. तेथे काय सांगावे? सध्याचा पगार खरा सांगावा का?

उत्तर : ताई, ‘आपण ठरवाल ते’ हे तुमचे उत्तर संकोचातून आले आणि तो संकोच आपल्याकडच्या घरांत लहानपणापासून शिकवला जातो, विशेषतः मुलींना. परंतु आपल्याच भागातील केळी उत्पादक घड कापण्याआधी रावेर आणि बऱ्हाणपूरचा भाव विचारल्याशिवाय राहत नाही, आणि त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. तुम्हीही भाव माहीत करून घेऊनच मुलाखतीला जावे.

पुण्यात तुमच्यासारखेच काम करणाऱ्या दोन-तीन माजी वर्गमित्रांना तेथील पगार विचारा. थेट विचारणे अवघड वाटल्यास ‘एवढ्या अनुभवाला साधारण किती मिळतात?’ असे विचारता येते. त्यानंतर भाडे, जेवण, प्रवास आणि घरी पाठवायची रक्कम मांडून, ज्याच्या खाली जाणे परवडणारच नाही, असा एक आकडा स्वतःपुरता ठरवा.

हा आकडा हातात येणाऱ्या पगाराचा असतो, तर कंपनी बहुधा वार्षिक ‘सीटीसी’, म्हणजे तुमच्यावर होणारा तिचा एकूण खर्च सांगते, आणि अनेकांची फसगत येथेच होते. समजा, सीटीसी ३ लाख ६० हजार म्हणजे महिना ३०,००० आहे आणि मूळ वेतन १५,००० आहे. त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्क्यांनी १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद सुमारे ७२० रुपये धरलेली असेल, तर पगारपत्रकावर सुमारे २७,४८० रुपयेच दिसतात. त्यातून तुमच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० रुपये कापले गेले की हातात साधारण साडेपंचवीस हजार उरतात. म्हणून ‘तीस हजार’ एवढेच न म्हणता तो आकडा सीटीसीचा आहे की हातात येणारा, हे त्याच वाक्यात स्पष्ट करा.

फोनवरील पहिल्या बोलण्यातच कोणी अपेक्षा विचारली, तर ‘या पदासाठी आपण किती रक्कम ठरवली आहे, हे समजले तर मला नेमके सांगता येईल’ असे नम्रपणे विचारावे. तरीही आग्रह झाला, तर टाळू नका. ‘तपासणीचा अडीच वर्षांचा अनुभव आणि या पदाचे काम पाहता वार्षिक ३ लाख ६० हजार ते ४ लाख सीटीसीची अपेक्षा आहे,’ असे एका दमात सांगावे. यातील आकडे अर्थातच तुमच्या चौकशीतून आलेले असावेत. समोरचा माणूस खालचाच आकडा लक्षात ठेवतो, त्यामुळे तो तुम्हाला खरोखर मान्य असेल असाच ठेवा. आकडा सांगून झाल्यावर थांबा. शांतता असह्य होऊन ‘थोडे कमी असले तरी चालेल’ असे आपणच म्हणून जातो, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान त्या एका वाक्याने होते.

सध्याचा पगार विचारला तर खराच सांगावा. नियुक्तीपूर्वी अनेक कंपन्या पगारपत्रके आणि बँकेचा उतारा मागतात, आणि फुगवलेला आकडा उघड झाला की मिळालेली नोकरीही जाऊ शकते. मात्र त्याला जोडून ‘हा पगार जळगावच्या मानाने ठरलेला आहे, माझी अपेक्षा या पदाच्या कामावर आधारलेली आहे’ हेही अवश्य सांगा. मुलीवर घर थोडेच चालते, असा सूर कोणी लावला तर खजील होऊ नका. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन, हे तत्त्व १९७६ पासून आपल्या कायद्यात आहे.

देऊ केलेली रक्कम तुमच्या आकड्यापेक्षा कमी निघाली, तर तिथल्या तिथे होकार वा नकार न देता पगाराची फोड लेखी मागा आणि दोन दिवसांचा अवधी घ्या. जळगावची नोकरी मात्र नियुक्तिपत्र हाती येईपर्यंत सोडू नका.