जुन्या बाइकचं इंजिन ५०-५५ च्या स्पीडला अचानक थरथरतं, काय असेल?

भो, लगेच इंजिन खोलू देऊ नका. आधी मोकळ्या रस्त्यावर ५५ ला क्लच दाबा आणि ॲक्सिलरेटर सोडा, थरथर गेली तर इंजिनकडची भानगड, तशीच राहिली तर चाक, टायर नाहीतर चेन बघा.

माझ्या शंभर सीसीला हाच त्रास होता, जळगाव-पाचोरा रोडला तर हात बधिर व्हायचे. दोन मेकॅनिकनी क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा) गेला सांगितलं, मी घाबरलोच होतो. मग एकदा सकाळी थंड इंजिनवर टॉर्च घेऊन बसलो तर मागच्या माउंटिंग बोल्टभोवती (इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा बोल्ट) तांबूस गंजाची पूड आणि फ्रेमवर घासून चकाकणारा डाग दिसला, बोल्ट ढिला असला की असंच होतं. बोल्ट नि नट नवीन टाकले, चारी माउंटिंग आधी हातानं बसवून मग पान्यानं कसले, गाडी शांत.

सायलेन्सरचे नटही बघाच. थोडी थरथर मात्र राहणारच, एकच पिस्टन वरखाली होतो ना, आणि जुन्या गाड्यांत बहुतेक बॅलन्सर शाफ्ट (थरथर कमी करणारा वजनाचा दांडा) नसतो. पण आतून टकटक आवाज पण येत असेल तर गाडी चालवू नका, तेव्हा बेअरिंग तपासावंच लागेल.